गाडी उचलायची कशावर: रॅम्प, स्टँड की लिफ्ट?

रॅम्प घ्यावेत, जॅक आणि स्टँड घ्यावेत की सरळ लिफ्टच बसवावी, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: काम कुठलं करणार आहात, आणि त्या कामात चाकावर गाडीचं वजन चालणार आहे की चाक मोकळं लोंबायला हवंय? उंची, क्षमता, जागा, पैसे हे सगळं या प्रश्नानंतर येतं. हा प्रश्न न विचारता घेतलेली महागडी लिफ्टसुद्धा पहिल्याच ब्रेकच्या कामाला अडून बसते.

इंजिन ऑइल, गिअर ऑइल, सायलेन्सर, स्टार्टर, खालून दिसणारी गळती या कामांत चाकं जमिनीवर किंवा रॅम्पवर टेकलेली असली तरी काही बिघडत नाही. ब्रेक, व्हील बेअरिंग, ड्राइव्ह शाफ्ट, शॉकअब्झॉर्बर ही कामं मात्र चाक काढल्याशिवाय होत नाहीत, म्हणजे रॅम्प तिथे निरुपयोगी.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे आणि घरी काम करणारे नेमके तिथे चुकतात. सस्पेन्शनच्या आर्मचे, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश (सांध्यातले रबरी नळकांडे). बोल्ट आवळला की बुशची आतली नळी सांगाड्यावरच्या ब्रॅकेटमध्ये घट्ट पकडली जाते. त्यानंतर आर्म वरखाली होताना फिरतं ते फक्त रबर, पीळ घेऊन. गाडी स्टँडवर असताना, म्हणजे आर्म खाली लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी खाली उतरल्यावर ते रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश थोड्याच काळात फाटतो. दोष मग बुशच्या दर्जाला दिला जातो. बोल्ट हाताने बसवून घ्यावा आणि शेवटचा टॉर्क, म्हणजे ठरलेल्या जोराचं आवळणं, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना द्यावा. रॅम्प या कामासाठी उत्तम. रॅम्प नसतील तर गाडी उचलण्यापूर्वी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून ठेवावं, आणि नंतर आर्मखाली जॅक लावून तेवढंच अंतर येईपर्यंत आर्म वर घेऊन मग आवळावं.

बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा, तपासतानाही असंच. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअब्झॉर्बर एकाच उभ्या जोडणीत असलेल्या) गाडीत बॉडीखाली आधार देऊन चाक लोंबतं ठेवलं की खालच्या जॉइंटवरचा भार निघतो आणि ढिलेपणा हाताला कळतो. स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असेल तर उलट, जॅक आर्मखालीच लावायला हवा. नाहीतर स्प्रिंग जॉइंटला ताणून धरते आणि झिजलेला जॉइंटही घट्ट भासतो.

रॅम्प

रॅम्पचं मोठं सुख म्हणजे वेग आणि स्थिरता. गाडी चढवली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावली की खाली जाता येतं. टायर रुंद पायावर बसलेला असतो, त्यामुळे पाना जोर लावून ओढला तरी गाडी डळमळत नाही. बहुतेक घरगुती रॅम्प १६ ते २० सेंटिमीटर उचलतात. गाडीखाली मुळात १६-१७ सेंटिमीटर मोकळीक असेल तर पुढच्या बाजूला साधारण ३५ सेंटिमीटर जागा मिळते. पाठीवर झोपून ऑइलचा बोल्ट काढायला एवढी पुरते. सरपटी, म्हणजे चाकांची फळी, वापरलीत तर त्यातली ८-१० सेंटिमीटर तीच खाते. रॅम्पवरच्या गाडीखाली झोपायला पुठ्ठा किंवा पातळ चटई बरी.

क्षमतेचा आकडा वाचताना तो एका रॅम्पचा आहे, जोडीचा आहे की संपूर्ण गाडीच्या वजनाचा, हे आधी पाहावं. तिन्ही पद्धतींनी आकडे छापले जातात. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत इंजिन-गिअरबॉक्स पुढेच असल्यामुळे साधारण ६० टक्के वजन पुढे असतं. म्हणजे १,२०० किलोच्या गाडीचे पुढे ७२० किलो, एका रॅम्पवर ३६० किलो. बॅटरीवरच्या गाड्या सहज १,८०० ते २,२०० किलोच्या असतात, तिथे हिशोब नव्याने करावा. टायरची रुंदीही मोजावी. २०५ मिलिमीटरचा टायर २०० मिलिमीटरच्या अरुंद रॅम्पवर चढवणं म्हणजे कडेवरून घसरण्याची तयारी.

रॅम्पच्या बाबतीत दोन गोष्टी हमखास बिघडतात.

पहिली म्हणजे बंपर. १७ अंशांच्या उताराचा आणि १७ सेंटिमीटर उंचीचा रॅम्प घेतला तर उताराची आडवी लांबी ५५ सेंटिमीटरच्या आसपास येते. गाडीचं नाक लांब आणि खाली असेल तर टायर पोचण्याआधी बंपर रॅम्पला टेकतो. विकत घेण्यापूर्वी घरीच मोजा: पुढचा टायर जमिनीला जिथे टेकतो तिथून बंपरच्या सर्वांत खालच्या कडेपर्यंत दोरी ताणून धरा आणि तिचा जमिनीशी होणारा कोन फोनवरच्या लेव्हलने बघा. रॅम्पचा उतार त्या कोनापेक्षा दोन-तीन अंशांनी तरी कमी हवा. १२ अंशांच्या रॅम्पला त्याच उंचीसाठी ८० सेंटिमीटर लांबी लागते, १० अंशांच्याला ९६. म्हणूनच बसक्या गाड्यांचे रॅम्प लांबलचक आणि दोन तुकड्यांचे असतात. थोडक्यात अडत असेल तर रॅम्पच्या तोंडाला चिकटून ४० मिलिमीटर जाडीची फळी ठेवावी. चाक आधी फळीवर चढतं आणि बंपरही तेवढाच वर जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे रॅम्प सरकणं, आणि हे जास्त धोक्याचं. टायर उताराला टेकतो त्या क्षणी गाडीचं वजन अजून जमिनीवरच असतं. रॅम्पला दाबून धरणारं काहीच नसतं, पण ढकलणारा टायर असतो. गुळगुळीत कोब्यावर किंवा रंगवलेल्या फरशीवर रॅम्प पुढे पळतो. गाडीची मागची चाकं ओढणारी असतील तर हे आणखी सहज घडतं, कारण मागची चाकं अख्खी गाडी ढकलत असतात आणि पुढची फक्त रॅम्पवर रेटली जातात. १७ अंशांच्या उतारावर हा आडवा रेटा चाकावरच्या भाराच्या सुमारे ३० टक्के असतो. चाकावर ३०० किलो असतील तर ९० किलोंचा धक्का. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत तेच चाक रॅम्पला स्वतःकडे खेचतही असतं, त्यामुळे सावकाश चढताना रेटा आणि ओढ जवळपास जुळतात. ॲक्सिलरेटर झटक्याने दाबला की जुळणी तुटते: चाक फिरतं आणि रॅम्प मागे, गाडीखाली फेकला जातो. वर पोचल्यावर कचकन ब्रेक मारला तर उलट रॅम्प पुढे जातो. मागची चाकं ओढणारी गाडी रॅम्पवर घ्यायची असेल आणि काम मागच्या बाजूचं असेल, तर रिव्हर्समध्ये मागची चाकं चढवणं जास्त शांतपणे होतं.

उपाय साधा आहे. रॅम्पच्या तोंडाला जाड कॅनव्हासचा पट्टा किंवा रबरी मॅट पक्की जोडावी, अशी की रॅम्पपर्यंत येण्याआधी टायर तिच्यावर चढेल. आता गाडीचंच वजन रॅम्पला धरून ठेवतं. नुसतं रॅम्पखाली रबर घालण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं. चढवताना दुसरा माणूस बाजूला, गाडीच्या समोर कधीच नाही, उभा राहून हाताने खुणा करेल. दोन्ही रॅम्प आणि दोन्ही टायर एका रेषेत आहेत, स्टिअरिंग सरळ आहे, हे आधी पाहून घ्यावं. वर गेल्यावर टायर रॅम्पच्या खोलगट भागात नीट बसला की मगच इंजिन बंद करावं.

प्लॅस्टिकचे रॅम्प हलके आणि गंजत नाहीत, पण खालच्या बाजूच्या फासळ्यांकडे दर वेळी बघावं. ताण आलेल्या जागी पांढुरका पट्टा दिसू लागला की तो रॅम्प निवृत्त करावा. वर्षानुवर्षं उन्हात पडलेलं प्लॅस्टिक वरून ठीक दिसतं आणि ठिसूळ झालेलं असतं. फासळ्यांना सपाट जमीन लागते. खडीवर किंवा मातीत भार दोन-तीन फासळ्यांवरच येतो. लोखंडी रॅम्पचे जोड आणि पायांची टोकं तपासावीत, आणि मऊ डांबरावर ते रुततात हे लक्षात ठेवावं.

लाकडी रॅम्प घरी करता येतात आणि मला ते मनापासून आवडतात, पण भरीव हवेत. साधारण ३८ मिलिमीटर जाड आणि २५० मिलिमीटर रुंद फळ्या एकावर एक, प्रत्येक वरची फळी खालच्यापेक्षा २५ सेंटिमीटर आखूड, गोंद आणि स्क्रूने जोडलेल्या. पाच थरांत १९ सेंटिमीटर उंची मिळते. फळ्यांच्या चढत्या कडा तिरक्या तासाव्यात. सर्वांत वर, शेवटच्या टोकाला आडवा अडसर लावावा, आणि वरच्या फळीवर निदान ३० सेंटिमीटर सपाट जागा टायरला उरली पाहिजे. आतून पोकळ, मधे नुसते उभे तुकडे लावलेला रॅम्प करू नये.

जॅक आणि स्टँड

चाक काढायचं असेल तर हीच जोडी, आणि दोघांची कामं वेगळी आहेत: जॅक उचलतो, स्टँड धरतो. जॅकच्या आत तेलाचा दाब धरून ठेवणारी एक छोटी गोळी आणि रबरी सील असतं. गोळीखाली कचऱ्याचा कण अडकला किंवा सील कापलं की दाब जातो. कधी हळूहळू, कधी एकदम. म्हणून नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं, हात, काहीही घालायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. गाडीबरोबर आलेला कात्री जॅक तर फक्त पंक्चर काढायला दिलेला असतो.

ट्रॉली जॅक घेताना टनाच्या आकड्याआधी दोन उंच्या बघाव्यात. सर्वांत खाली असताना तो गाडीखाली शिरतो का? नेहमीचे जॅक १३-१४ सेंटिमीटर उंच असतात, बसक्या गाड्यांसाठी ८ सेंटिमीटरच्या आसपासचे मिळतात. आणि पूर्ण वर गेल्यावर स्टँडच्या हव्या त्या उंचीपेक्षा तो चार-पाच सेंटिमीटर जास्त उचलतो का? नाहीतर स्टँड खाली शिरतच नाही आणि मग लोक जॅकच्या वाटीवर (गाडीला टेकणाऱ्या गोल टोकावर) लाकडाचे तुकडे रचतात. दोन टनाचा जॅक छोट्या गाडीला पुरतो. जड गाडीला तीन टनाचा. लोखंडी तीन टनी जॅक ३५-४० किलोंचा असतो, त्यामुळे तो ठेवणार कुठे आणि ओढत आणणार कसा, हेही ठरवावं.

ट्रॉली जॅकचा हात कमानीत फिरतो. वाटी वर जाते तशी मागे-पुढेही सरकते. त्यामुळे जॅकची चाकं मोकळी फिरली पाहिजेत. पेव्हर ब्लॉकच्या फटीत किंवा खडीत ती अडकली की जॅक जागचा हलत नाही आणि वाटी गाडीखालून घसरते. खडबडीत जमिनीवर १८ मिलिमीटरचं प्लायवुड अंथरावं, जॅकला पुढे सरकायला जागा उरेल एवढं मोठं. ट्रॉली जॅकमध्ये ब्रेक ऑइल घालणारे भेटतात. त्याने नायट्राइल रबराची सीलं फुगतात. हायड्रॉलिक जॅक ऑइलच घालावं.

आता घरगुती कामातली सर्वांत चिडचिडीची अडचण. दाराखाली पत्र्याची जी उभी कड असते, तिच्यावर खाचांनी दाखवलेला बिंदू उचलण्यासाठीही तोच आणि स्टँडसाठीही तोच. जॅक तिथे बसला तर स्टँड कुठे ठेवणार? याचं चांगलं उत्तर म्हणजे पुढे मधल्या सबफ्रेमखालून (इंजिन-सस्पेन्शन धरणाऱ्या लोखंडी चौकटीखालून) उचलणं आणि स्टँड बाजूच्या बिंदूंवर ठेवणं. मागे मात्र सावध राहावं: ज्या गाड्यांना मागे पीळ घेणारी आडवी बीम असते, त्यांच्या मध्यावर जॅक लावायला बरेच उत्पादक मनाई करतात. गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेले बिंदू हाच शेवटचा शब्द. ऑइलचं चेंबर, फरशीचा पत्रा, रेडिएटरची पट्टी इथे जॅक कधीही लावू नये. बॅटरीच्या गाडीत दोन्ही बाजूंच्या बिंदूंमधली जवळपास सगळी जागा बॅटरीची असते; तिला जॅकची वाटी नुसती टेकली तरी नुकसान महागात पडतं. पत्र्याच्या कडेसाठी खाच असलेला रबरी ठोकळा वाटीवर ठेवावा, म्हणजे कड दुमडत नाही. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) असेल तर उचलण्यापूर्वी जॅक मोड, म्हणजे उंची आपोआप बदलणं थांबवणारी सोय, चालू करायला विसरू नये.

स्टँडचे मुख्य प्रकार दोन. दाते आणि खटक्याचा, आणि आरपार पिनेचा. पिनेचा स्टँड उंचीच्या बाबतीत ठरावीक भोकांपुरताच चालतो, पण पिन आत गेली आहे हे डोळ्यांना दिसतं, म्हणून माझी पसंती त्यालाच. खटक्याच्या स्टँडमध्ये खटका दात्यात पूर्ण बसला की नाही, हे भार येईपर्यंत कळत नाही. २०२० साली अमेरिकेत अशा स्टँडची फार मोठी संख्या परत मागवली गेली; साचे झिजल्यामुळे खटका दात्यात पुरेसा खोल बसत नव्हता. बदली दिलेल्या काही स्टँडमध्येही वेल्डिंगचा दोष निघाला. खटक्याचा स्टँड वापरत असाल तर दांडा वर ओढून खटका हाताने खाली दाबा आणि शक्य असेल तर दुसरी अडकवणारी पिन असलेलाच घ्या. क्षमता इथेही एकाची की जोडीची हे वाचून घ्या. तीन टनी स्टँड बहुधा २८ ते ४३ सेंटिमीटर उंचीत काम करतात. सहा टनी स्टँड ताकदीसाठी नव्हे तर रुंद पाय आणि जास्त उंचीसाठी घेतले जातात. मात्र त्यांची कमीत कमी उंचीच ३८-४० सेंटिमीटर असते आणि छोट्या जॅकने गाडी तेवढी वर जातच नाही.

हँडब्रेकचं गणित फार थोडे लोक आधी करतात. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो, आणि गिअर किंवा ऑटोमॅटिकचा पी (पार्किंगची स्थिती) ओढणाऱ्या चाकांवर. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं नाक उचललं की पी ज्या चाकांना धरून होता ती हवेत गेली. आता गाडी फक्त हँडब्रेकवर. मागची बाजू उचलली तर हँडब्रेक निकामी, पी चालू. मागची चाकं ओढणाऱ्या गाडीची मागची बाजू उचलली की दोन्ही गेले. एकच ओढणारं चाक उचललं तरी डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे) ते हवेत फिरतं आणि पी गाडी धरत नाही. म्हणून जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून पाचरी, प्रत्येक वेळी.

क्रम असा. सपाट, टणक जागा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले. पाचरी. जॅकने उचल, दोन्ही स्टँड सारख्या उंचीवर, मग जॅकचा स्क्रू अगदी पाव फेऱ्याने सोडून गाडी सावकाश टेकवणं. स्टँडचे चारही पाय जमिनीला टेकलेत का, डोकं नेमकं बिंदूखाली आहे का, हे वाकून बघायचं. मग बंपरच्या कोपऱ्याला धरून गाडी जोरात हलवायची. पडायची असेल तर ती आता, खाली कुणी नसताना पडू दे. जॅक काढून न घेता जवळच्या बिंदूखाली हलका टेकवून ठेवावा आणि काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवावं. तिसरा आधार फुकट मिळतो, तो का सोडावा?

चारही चाकं वर घ्यायची असतील तर एक टोक एकदम पूर्ण उंचीवर नेऊ नये. पुढचं टोक ३० सेंटिमीटर वर असेल आणि दोन चाकांतलं अंतर २.५ मीटर असेल, तर गाडी जवळपास ७ अंश कललेली असते. मागून उचलताना ती पुन्हा सपाट होते आणि पुढच्या स्टँडची डोकी तेवढ्या कोनातून ओढली जातात. स्टँड एका बाजूला झुकतो. आधी पुढून थोडं, मग मागून थोडं, मग पुन्हा पुढून, असं टप्प्याटप्प्याने. डांबरी जमिनीवर, विशेषतः उन्हात, स्टँडखाली लोखंडी पत्रा किंवा जाड प्लायवुडचा तुकडा हवाच.

सिमेंटचे पोकळ ब्लॉक आणि विटा आधार म्हणून वापरू नयेत. सपाट, पसरलेला भार त्या सहज घेतात, पण गाडीच्या बिंदूवर भार एका टोकावर येतो आणि सिमेंट वाकत नाही, कुरकुरत नाही, एकदम फुटतं. लाकूड आधी करकरतं, चिरतं, दबतं. आधार रचायचाच असेल तर जाड लाकडी ओंडके आडवे-उभे, थरावर थर असे चौकोनी रचावेत आणि रचलेल्या थप्पीची उंची तिच्या रुंदीपेक्षा फार वाढवू नये.

तिरकी गाडी काही कामांना चालते, काहींना नाही. नाक वर केलं की कूलंटमधली हवा बाहेर काढणं सोपं जातं, कारण ती रेडिएटरच्या झाकणाकडे चढते. गिअरबॉक्सचं तेल मात्र पातळीच्या बोल्टपर्यंत भरायचं असतं आणि गाडी कललेली असेल तर ती पातळी खोटी. ऑइलचा बोल्ट चेंबरच्या मागच्या बाजूला असेल तर नाक वर असताना तेल जास्त निथळतं; पुढच्या बाजूला असेल तर अर्धा कप आतच राहतो.

छोट्या लिफ्ट

मध्यंतरी दोन चौकटींच्या हलक्या लिफ्ट लोकप्रिय झाल्या. क्विकजॅक हे त्यांतलं ओळखीचं नाव. दोन लांब चौकटी गाडीच्या दोन्ही बाजूंखाली सरकवायच्या, पंपाने एकदम उचलायच्या. बसलेली उंची ८ सेंटिमीटरच्या आसपास, उचल अर्ध्या मीटरच्या जवळपास. चारही चाकं एका वेळी मोकळी, गाडी सपाट, मधली जागा खुली. ब्रेक, सस्पेन्शन, सायलेन्सर या सगळ्यांना पुरेसं. ज्यांच्याकडे छत उंच नाही आणि लिफ्टसाठी जागा अडकवून ठेवायची नाही, त्यांना माझा सल्ला हाच. घेण्यापूर्वी गाडीच्या पुढच्या आणि मागच्या बिंदूंमधलं अंतर मोजा आणि ते चौकटीच्या पोचेत येतं का ते तपासा. फार आखूड किंवा फार लांब गाड्यांना वेगळी लांबी लागते. चौकट समांतर भुजांवर उभी राहत असल्यामुळे गाडी सरळ वर न जाता कमानीत, थोडी सरकत वर जाते. पुढच्या-मागच्या भिंतीपासून तेवढी जागा सोडावी. नळ्यांत हवा राहिली की एक चौकट आधी उठते आणि दुसरी मागे राहते; गाडी न ठेवता चौकटी पूर्ण वर-खाली करून हवा काढून घ्यावी. वर नेल्यावर लॉकवर, म्हणजे तेलाचा दाब गेला तरी चौकट धरणाऱ्या अडकणीवर, टेकवल्याशिवाय खाली जायचं नाही. उतरवताना आधी थोडं वर घेतलं की लॉक सुटतो.

मधे कात्री असलेल्या, मध्यम उंचीच्या लिफ्ट साधारण कंबरेपर्यंत किंवा थोड्या वर उचलतात. टायर-ब्रेकला झकास, पण गिअरबॉक्सच्या कामात नेमकी कात्रीच आड येते.

खड्डा हा जुना पर्याय आहे आणि मी तो टाळायला सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात साचते आणि एका ठिणगीची वाट बघते. खड्डा असेलच तर तळातली हवा बाहेर ओढणारा पंखा आणि ठिणगी न पाडणारे दिवे लागतातच.

दोन खांब, चार खांब

छत आधी मोजा. गाडीची उंची, अधिक हवी ती उचल, अधिक १० सेंटिमीटर. १.५ मीटर उंच गाडीखाली उभं राहून काम करायला १.७५ मीटर उचल हवी, म्हणजे छत ३.३५ मीटर. १.७ मीटरच्या एसयूव्हीला ३.५५. छत २.७ मीटरच असेल तर १.५ मीटरच्या गाडीला १.१ मीटरच उचल मिळते. तिथे पूर्ण उंचीची लिफ्ट बसवून उपयोग नाही. बॉनेट किंवा मागचं दार उघडल्यावरची उंची, वर सरकणारं गॅरेजचं दार, लटकता दिवा, हे सगळं मोजात धरा.

मग जमीन. दोन खांबांची लिफ्ट गाडीला खांबांतून निघणाऱ्या लोखंडी हातांवर तोलून धरते, त्यामुळे प्रत्येक खांब आत झुकायला बघतो आणि मागच्या बाजूचे बोल्ट कॉंक्रीटमधून उपटायला बघतो. गाडी जमिनीवर नव्हे, त्या बोल्टांवर टांगलेली असते. हलक्या लिफ्टसाठी उत्पादक सहसा निदान १०० मिलिमीटर जाड आणि ३,००० पीएसआय, म्हणजे सुमारे २१ मेगापास्कल ताकदीचं कॉंक्रीट मागतात. पुष्कळ जण त्याहून जाड. नवं ओतलेलं कॉंक्रीट २८ दिवस झाल्याशिवाय बोल्ट ठोकू नयेत. जाडी अंदाजाने धरू नये, भोक पाडून मोजावी. बोल्ट भेगेपासून आणि कडेपासून पुरेसा लांब हवा. वर फरशी असेल तर खांबाच्या पायाखालची फरशी आणि तिच्याखालचा भराव काढून लोखंड थेट कॉंक्रीटवर बसवावं. फरशीवर बसवलेला पाया काही महिन्यांत सैल होतो. आत ताणलेल्या तारा असलेल्या स्लॅबमध्ये भोक पाडणं जिवावर बेतू शकतं. तळघरावरच्या स्लॅबवर दोन खांबांची लिफ्ट बसवण्याचा विचार इमारतीच्या अभियंत्याने लेखी होकार दिल्याशिवाय करूच नये.

दोन खांबांचा फायदा म्हणजे चारही चाकं मोकळी आणि बाजू खुल्या. खांब थोडे फिरवलेले असतील तर गाडी मागे बसते आणि दारं नीट उघडतात. छोट्या गाड्यांना ही रचना सोयीची. हातांचे पॅड लावल्यावर गाडी ५-१० सेंटिमीटर उचलून थांबावं, हलवून बघावं, मग वर न्यावं. वर गेल्यावर दोन्ही खांबांचे लॉक लागल्याचा आवाज ऐकून गाडी त्यांच्यावर टेकवावी. इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली काढताना वजनाचा मध्य मागे सरकतो आणि गाडी मागच्या बाजूला कलंडू शकते. पहिला बोल्ट ढिला करण्याआधी मागे उंच स्टँडचा आधार द्यावा.

चार खांबांच्या लिफ्टवर गाडी चाकांवर उभी असते, भार सरळ खाली जातो आणि पुष्कळ मॉडेलना जमिनीत बोल्टही लागत नाहीत. एकाखाली एक दोन गाड्या ठेवायच्या असतील तर हीच. पण ती उंच रॅम्पच आहे: ब्रेकचं काम करायचं तर गाडी उभी राहते त्या दोन रुळांमध्ये (लांब पट्ट्यांमध्ये) फिरणारा जॅक वेगळा घ्यावा लागतो. किमतीची तुलना करताना तो धरूनच करावी.

जुनी लिफ्ट घेत असाल तर वायरदोरी टोकापासून टोकापर्यंत कापडाने पुसून बघा. एखादी तुटलेली तार कापडात अडकते. कप्प्या, लॉकचे खटके, हातांचे दाते आणि पायाजवळचा गंज बघा. बोल्ट नवेच घ्या, जुने पुन्हा वापरू नका. नव्या लिफ्टवर युरोपात ईएन १४९३ (युरोपीय मानक) आणि अमेरिकेत एएलआयचं (लिफ्ट प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं) चिन्ह शोधावं. जॅकसाठी ईएन १४९४, जॅक-स्टँडसाठी एएसएमई पासे हे अमेरिकी मानक. बसवल्यानंतर पहिल्या काही वापरांनी आणि मग उत्पादकाने सांगितलेल्या अंतराने बोल्टांचा टॉर्क पुन्हा तपासावा. एखादा बोल्ट दर वेळी थोडा फिरत असेल तर तो आवळत राहू नये. आतलं कॉंक्रीट सुटू लागलंय, आणि ते दुरुस्त होईपर्यंत त्या लिफ्टवर गाडी चढवायची नाही.